रोहन, रोख आणि एल्फांचे धातू

आमच्या फॅमिली ग्रुपवर मागे एक फॉरवर्ड आला, की इंग्रजांच्या त्या अंगठीवाल्या गोष्टीत 'रोहन' नावाचा एक देश आहे, तिथले लोक घोड्यांवरून फिरतात, आणि हे नाव थेट आपल्या संस्कृतातून उचललंय, बघा आपली संस्कृती कुठे कुठे पोचली होती वगैरे, आणि खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. माझ्या भाच्याचं नाव रोहन. त्याने लगेच पर्सनलवर विचारलं, मावशी खरंय का गं हे? ती गोष्ट म्हणजे टोल्किनची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज', आणि आमच्या घरात टोल्किनचं वेड असलेली मी एकटीच, त्यामुळे असले प्रश्न माझ्याकडेच येतात, आणि मग मी एवढी मोठी व्हॉइस नोट पाठवते की पोरगं ती दुप्पट स्पीडवर ऐकतं. म्हणून या वेळी इथेच लिहून टाकते.

तर नाही रे बाबा, खरं नाही. तुझा रोहन 'रुह्' धातूपासून आलेला. रुह् म्हणजे चढणं, वाढणं, आरोह-अवरोहातला तोच. टोल्किनचा रोहन आला 'रोख' पासून, ख घशातून घासून काढायचा, उर्दूवाले काढतात तसा. एल्फ म्हणजे त्याच्या गोष्टीतली माणसांसारखीच एक जमात, तिच्यासाठी त्याने भाषाही बनवल्या, आणि त्यातल्या सिंदारिन या भाषेत रोख म्हणजे घोडा (खिशातली रोख नव्हे). त्याच्या मागे 'रोक' हा मूळ धातू, क्वेन्या या दुसऱ्या एल्फी भाषेत त्याचंच रोक्को होतं, आणि सिंदारिनमध्ये रोखला मुलूख दाखवणारा प्रत्यय लागून रोखांद, म्हणजे घोड्यांचा देश, आणि पुढे शेजारच्या गोंदोर देशातल्या लोकांच्या तोंडी तो घशातला ख मऊ पडून झाला रोहान. बस एवढंच. दोन नावं समोरासमोर आली आणि सारखी दिसली म्हणून कोणी नातेवाईक होत नाही.

असल्या नुसत्या दिसण्याच्या जोड्या हव्या असतील तर ढीगभर देते. क्वेन्यात अनार म्हणजे सूर्य, दिवाळीत अंगणात लावतात तो अनार नव्हे. तारा म्हणजे उंच, चांदणी नाही. वर्दा ही ताऱ्यांची राणी, पण तिच्या नावाचा अर्थ 'उंचावरची', आपल्या वर देणाऱ्या वरदेशी तिचा काही संबंध नाही. नार म्हणजे ज्वाळा. आणि मोर म्हणजे काळा! मोर्दोर, काळा देश. हे वाचल्यापासून राणीच्या बागेत मोर दिसला की मला उगाच हसू येतं.

आता गंमत अशी की टोल्किनच्या भाषांमध्ये 'हा शब्द कुठून आला' याला खरोखर उत्तर असतं, कारण माणूस पेशानेच तो होता. पहिल्या महायुद्धातून परत आल्यावर 1919-20 मध्ये तो ऑक्सफर्डच्या त्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशावर नोकरीला होता, डब्ल्यूपासून सुरू होणारे शब्द त्याच्याकडे, आणि वॉलरस या एका शब्दाच्या व्युत्पत्तीने त्याला इतकं छळलं की त्याचे मसुद्यांवर मसुदे केलेले सापडतात. पुढे तो ऑक्सफर्डला प्रोफेसर झाला तोही जुन्या इंग्रजीचा. आणि स्वतःच्या भाषेचा शब्दकोश त्याने त्याच्याही आधी, 1915 च्या सुमारास सुरू केला होता, म्हणजे हॉबिट नावाचा प्राणी त्याच्या डोक्यात यायच्या कितीतरी वर्षं आधी. आधी भाषा, मग ती बोलणारे लोक, मग त्यांच्या गोष्टी. आपण वाचक उलट्या बाजूने आत शिरतो.

1930 च्या दशकाच्या शेवटी त्याने धातूंची एक लांबलचक यादी केली, ती त्याच्या मुलाने, ख्रिस्तोफरने, 1987 मध्ये छापली. तिचं पान बघितलंत तर आधी घाबरायला होतं. डावीकडे मोठ्या अक्षरांत धातू, त्याचा अर्थ, मग क्वेन्यात काय झालं, सिंदारिनच्या तेव्हाच्या रूपात काय झालं, इतर बोलींत काय झालं, मध्येच 'अमुक धातू पाहा'. मला सगळ्यात आवडतात ते तारांकित शब्द. भाषाशास्त्रात एखादा जुना शब्द कुठे लिहिलेला सापडत नाही, फक्त अंदाजाने बांधलाय, तेव्हा त्याच्या आधी फुली-तारा देतात, म्हणजे पुरावा नाही बुवा. टोल्किन स्वतःच्याच भाषेत तसे तारे देतो! अरे भाषा तुझी, शब्द तुझा, तूच बनवलास, आणि वर तूच सांगतोस की हा नोंदलेला सापडत नाही. शाळेत धातू पाठ करताना आम्हाला 'गम्-गच्छ्' सोडून काही आठवायचं नाही, पण ही यादी मी लोकलमध्ये उभ्याने वाचलीये.

एक धातू नीट उघडून दाखवते, म्हणजे कळेल मजा काय आहे. क्वे. अर्थ, तोंडाने बोलणं. त्याचं वाढवलेलं रूप क्वेत, म्हणजे म्हणणं, सांगणं. क्वेन्यात क्वेत्ता म्हणजे शब्द, क्वेन्ता म्हणजे हकीकत, आणि एल्फ स्वतःला पहिल्यांदा म्हणाले क्वेन्दी, 'बोलणारे', कारण तोपर्यंत त्यांना बोलणारं दुसरं कोणी भेटलंच नव्हतं. क्वेन्या हे भाषेचं नावही त्याच घरातलं. आपल्याकडे वच् चं बघा, वाचा, वचन, वाक्य, वक्ता, उक्ती, आणि मराठीत येईपर्यंत 'वाचणे', जे आता आपण तोंड बंद ठेवून करतो.

हाच क्वेत सिंदारिनमध्ये गेला की ओळखू येत नाही, कारण तिकडे क्व चा सरसकट प होतो आणि मधल्या त चा द होतो. क्वेत चं झालं पेद. गोष्टीतल्या मोरिया या डोंगराखालच्या जुन्या शहराच्या बंद दारावर जे कोरलंय ना, पेदो मेल्लोन आ मिन्नो, त्यातला पेदो हाच. म्हण 'मित्र' आणि आत ये. गॅन्डाल्फ एवढा म्हातारा जाणता जादूगार, पण तो ते 'बोल मित्रा' असं वाचतो आणि दारासमोर मंत्रांवर मंत्र टाकत बसतो. त्या मंत्रांतल्या एकात 'लास्तो बेथ लाम्मेन' आहे, माझ्या जिभेचा शब्द ऐक, आणि त्यातला बेथ म्हणजे मूळ पेथ, शब्द, तोही याच धातूचा, वाक्यात बसताना प चा ब झालेला. म्हणजे गंमत बघा, दार उघडायला जी क्रिया हवी होती तिचाच भाऊबंद त्याच्या तोंडात आहे आणि दार ढिम्म.

क्व चा प ही काही टोल्किनने हवेतून काढलेली गोष्ट नाही. लॅटिनमध्ये चार म्हणजे क्वात्तुओर, वेल्शमध्ये पेद्वार, तोच मूळ शब्द, तोच क्व, एकीकडे टिकला, एकीकडे प झाला. आणि आपल्याकडे त्याच क्व चा च झाला, चत्वार, त्याचा आपला चार. वेल्श त्याची लाडकी भाषा, सिंदारिनचा आवाज तिच्यावरून घेतलेला, तर क्वेन्याचा फिनिशवरून.

बरं, मराठी माणसाला ही सगळी घसरण नवी नाही. दीपचा दिवा कसा झाला, दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला प मऊ होऊन व झाला. कर्मचं कम्म, कम्मचं काम. कार्यचं कज्ज, कज्जचं काज. संस्कृत गत, शौरसेनी प्राकृतात गद, आणि आपल्या महाराष्ट्री प्राकृतात त्या त चा पूर्ण निकाल लावून गअ. एल्फांमध्ये वडिलांना क्वेन्यात आतार, सिंदारिनमध्ये आदार, शौरसेनीच्याच वाटेने. म्हणून मला क्वेन्या वाचताना संस्कृतची आठवण येते आणि सिंदारिन वाचताना प्राकृताची, पण इथे एक घोळ लोक नेहमी करतात, सिंदारिन ही क्वेन्यापासून निघालेली नाही. दोघी बहिणी, दोघींची आई एक, जुनी. क्वेन्या पुढे नुसती मंत्रांची, ग्रंथांची, मानाची भाषा उरली आणि सिंदारिन घरात-बाजारात बोलली गेली, एवढ्यावरून एकीला दुसरीची आई करून टाकू नका.

आणि सगळेच शब्द असे विचार करून झालेले असतात असंही नाही हं. तारा या अर्थी शब्द आहे एलेन, धातू एल. तो कुठून आला, तर एल्फ पहिल्यांदा जागे झाले तेव्हा सूर्यचंद्र नव्हते, वर बघितलं तर चांदणं, आणि तोंडातून निघालं 'एले!', म्हणजे अरे बघ! त्या 'अरे बघ' चं पुढे नाव झालं. आपल्या यास्काने निरुक्त या वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीवरच्या जुन्या ग्रंथात कावळ्याबद्दल हेच म्हटलंय, 'काक इति शब्दानुकृतिः', तो ओरडतो तसं त्याचं नाव, पक्ष्यांमध्ये असं पुष्कळ आढळतं. मुंबईत सकाळी खिडकीत बसलेल्या कावळ्याचं ऐकलं की यास्काशी वाद घालायची कोणाची टाप नाही.

यास्क निघालाच आहे तर त्याचं भांडणही सांगते, कारण मला मुळात बोलायचंय ते त्यावरच. निरुक्तात दोन पक्ष आहेत. शाकटायन म्हणतो सगळी नामं क्रियापदांपासून झालीत, 'नामानि आख्यातजानि', आणि निरुक्तवाले त्याच्या बाजूने. गार्ग्य म्हणतो सगळी नाही, आणि काही वैयाकरणही त्याच्या बाजूने. विरोधातला मुद्दा झकास आहे. अश्व म्हणजे वाट आक्रमणारा म्हणून अश्व, ठीक, मग जो कोणी वाट आक्रमेल त्याला अश्वच म्हणावं लागेल. म्हणजे विरार फास्टला लटकणारे सगळे घोडे. (तसे आम्ही आहोतच.) यास्क त्याला उत्तर देतो, मुद्दाम जाऊन वाचण्यासारखं आहे, पण गार्ग्याची शंका काही मनातून जात नाही.

टोल्किनच्या जगात वरवर बघता शाकटायन शंभर टक्के जिंकलेला दिसतो. प्रत्येक नावामागे धातू, प्रत्येक धातूमागे नियम. पण पडद्यामागे गेलात तर तिथे गार्ग्य पाय पसरून बसलाय. कारण कितीतरी नावं आधी आली आणि धातू मागाहून शोधला, म्हणजे बनवला.

एआरेन्दिल घ्या. 1914 च्या आधी त्याने एका जुन्या इंग्रजी धार्मिक कवितेत 'एआरेन्देल' हा शब्द वाचला, देवदूतांमधला सर्वात तेजस्वी म्हणून, आणि त्या शब्दाच्या नादाने तो हललाच. 1914 मध्ये त्यावर कविता केली. शब्द बाहेरून आणलेला, हे त्यालाही ठाऊक. मग त्याला आपल्या घरात बसवायला त्याने एआर म्हणजे समुद्र आणि न्दिल म्हणजे जिवापाड प्रेम करणारा अशी फोड केली, समुद्राचा प्रेमी, आणि तो तसाच खलाशी झाला. मोरियाचं तेच. त्यात मोर म्हणजे काळा आणि या म्हणजे खोल दरी, काळी खाई, नीट बसतं, पण 1967 च्या एका पत्राच्या मसुद्यात त्याने सरळ सांगून टाकलंय की हा आवाज नॉर्वेच्या एका लोककथेतल्या 'सोरिया मोरिया' किल्ल्याचा सहज उमटलेला पडसाद. गोंदोरमधला गोंद म्हणजे दगड, त्याच्या मागचा 'ओन्द'ही लहानपणी एका पुस्तकात वाचून डोक्यात राहिलेला. आणि रोहन? त्याच पत्रात आहे. रोहन हे फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या एका जुन्या मानी घराण्याचं नाव, ते त्याला माहीत होतं, त्या नावाचा आकार त्याला आवडायचा, आणि घोड्यासाठीचा एल्फी शब्द त्याने फार आधीच करून ठेवला होता, तर हे नाव त्या शब्दात कसं चपखल बसवता येईल ते त्याला दिसलं. म्हणजे रोख आधीपासून खरा, रोहन बाहेरचा, आणि मधला पूल मुद्दाम बांधलेला.

तर मग फॉरवर्डवाले आणि टोल्किन यात फरक काय, दोघंही नाव बघून मागाहून गोष्ट जुळवतात? फरक हा की टोल्किनला त्याचे नियम बांधून ठेवतात. पूल हवा तिथे बांधता येतो, पण क्व चा प होणार म्हणजे सगळीकडे होणार, एका नावासाठी सूट नाही. आपल्या मुंबईचंच बघा ना. पोर्तुगीज 'बॉम बाईया', चांगला उपसागर, त्यावरून बॉम्बे, ही गोष्ट शाळेपासून ऐकतो आणि ऐकायला एकदम गोड वाटते, पण पोर्तुगीजमध्ये बाईया स्त्रीलिंगी, तिथे 'बोआ' हवं, 'बॉम' चालत नाही. एका प्रत्ययावर सगळी गोष्ट आडवी. भेंडी बाजार म्हणजे इंग्रजांचं 'बिहाइंड द बझार', हेही असंच छातीठोक सांगतात, आणि तिथे भेंडीची झाडं होती हे कोणाला ऐकायचं नसतं. कृ. पां. कुलकर्णींचा 1946 चा मराठी व्युत्पत्ति कोश ज्याने कधी चाळलाय त्याला कळेल, खरी व्युत्पत्ती बहुतेक वेळा गोष्टीपेक्षा रुक्ष असते.

उलटंही होतं. तालात म्हणजे घसरणं, कोसळून पडणं, हा त्याचा जुना धातू, नियमाप्रमाणे त्याचं नाम होतं आतालान्तिए, पतन, आणि त्याच्या जगात समुद्रात बुडालेल्या बेटाला ते लागलं. अटलांटिस! तो म्हणतो हा निव्वळ योगायोग. माझा त्याच्यावर विश्वास आहे, पण थोडासाच.

मराठी वाचकांनी या भाषा मुद्दाम बघाव्यात असं मला वाटतं त्याचं एक कारण सांगते. एल्फांचं ते प्रसिद्ध अभिवादन, 'एलेन सीला लूमेन्न ओमेन्तिएल्वो', आपल्या भेटीच्या घटिकेवर तारा चमकतोय. ओमेन्तिए फोडा, ओ म्हणजे एकत्र, पुढे वाट आणि जाणं. दोघांच्या वाटा जिथे एक होतात ते. सम् अधिक गम्, आपला संगम की हो! आणि शेवटचा ल्वो म्हणजे 'आपल्या', तुझ्या-माझ्या दोघांच्या. पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत तिथे ल्मो होतं, मग त्याने सर्वनामांची व्यवस्था बदलली, ल्म कडे 'आमच्या' गेलं आणि ल्व कडे 'आपल्या' आलं, म्हणून दुसऱ्या आवृत्तीत एक अक्षर बदललं. इंग्रजी वाचकाला हे समजावायला पानभर टीप लागते कारण त्यांच्याकडे दोन्हीला एकच शब्द. आपल्याकडे पाच वर्षांच्या पोराला कळतं, 'आम्ही पिक्चरला चाललोय' म्हटलं की त्याला नेणार नाहीयेत, आणि तो रडायला लागतो. विभक्तीचंही तसंच, रोमेल्लो म्हणजे पूर्वेहून, त्यातला ल्लो म्हणजे सरळ आपला हून.

दुसरं कारण जरा बोचणारं आहे. 1968 च्या सुमारास त्याने एक निबंध लिहिला, विषय काय तर थ चा स कसा झाला. नोल्दोर नावाच्या एल्फांनी बोलताना हळूहळू थ सोडला आणि स म्हणायला लागले. पण त्यांच्यातल्या फेआनोर या राजपुत्राच्या आईचं नाव मीरिएल थेरिन्दे, थेर म्हणजे शिवणं, शिवणकामात निष्णात म्हणून थेरिन्दे, आणि तिची इच्छा होती की आपलं नाव थ नेच म्हणावं. ती गेली, वडिलांनी दुसरं लग्न केलं, सगळे सेरिन्दे म्हणायला लागले आणि फेआनोरच्या लेखी जो स म्हणेल तो आपल्या आईचा अपमान करणारा. सावत्र आई इन्दिस जन्माने अशा लोकांतली जे थ च म्हणायचे, पण सासरी येऊन तिनेही स धरला. एका व्यंजनावरून घर फुटलं. परदेशी वाचक याला कल्पनाविलास म्हणतात. ज्यांच्याकडे 'पानी' म्हटलं म्हणून वर्गात पोरं हसली आहेत, 'लोनी'चं 'लोणी' करून घेताना कोणाची जात, कोणाचं गाव उघडं पडलंय, त्यांना यात काही कल्पनेतलं वाटणार नाही. न आणि ण यांपैकी भाषाशास्त्राला काही शुद्ध नाही की अशुद्ध नाही, पण हे ऐकणार कोण. माझ्या ऑफिसात आजही इंटरव्ह्यूनंतर उमेदवाराच्या ण ची चर्चा होते, आणि ती करणाऱ्यांना आपण काय करतोय हे चांगलं कळत असतं.

शेवटी त्याची फजिती सांगते, ती मला फार आवडते. गोष्टीत एल्रोन्द नावाचं एक पात्र आहे, त्याच्या भावाचं नाव एल्रोस, ताऱ्यांचा फेस. म्हातारपणी टोल्किनला खटकायला लागलं की रोसचे दोन अर्थ होतायत, एक फेस आणि एक तांबूस रंग, आणि एकाच भाषेत हे दोन्ही बरोबर दिसत नाहीत. मग त्याने बसून सविस्तर निबंध लिहिला, की फेस या अर्थाचा रोस हा एल्फी शब्द नाहीच, तो माणसांच्या एका टोळीच्या भाषेतला, बेओरच्या लोकांचा, आणि तो नावात कसा शिरला याची मस्त कारणमीमांसा दिली. सगळं जुळलं. आणि मग त्याच्या लक्षात आलं की 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मध्ये केअर आंद्रोस नावाचं एक बेट आहे, लांब फेसाचं जहाज, नाव चोख सिंदारिन, आणि ते 1950 च्या दशकातच छापून जगभर गेलेलं. छापलेलं खोडता येत नाही. त्याने निबंधावर शेरा मारला, की यातलं बरंचसं टिकत नाही.

भाषा त्याची, धातू त्याचा, बेटही त्याचंच, आणि तरी त्याला हार मानावी लागली. रोहनला मी एवढंच लिहून पाठवलंय की तुझं नाव रुह् चंच आहे, निवांत राहा, आणि ग्रुपवर तू काही उत्तर देऊ नकोस, मोठ्या मामांशी मी बोलते.